पुढच्या वर्षाचा आकडा

कॉब्ज हार्बरच्या कोळ्यांकडून फॉर्म भरून घ्यायचं काम शहाण्या माणसानं करू नये. मी करते. एरवी मी मच्छीमारांच्या सोसायटीत वजनकाट्यामागे बसते, पण नोव्हेंबर-डिसेंबरात दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी मी लायब्ररीत असते. तिथे मला लहान मुलांच्या पुस्तकांचा कोपरा दिलाय. खुर्च्या इतक्या बुटक्या की गुडघे हनुवटीला टेकतात. तिथे बसून मी गावाला राज्य सरकारच्या ऑनलाइन विमा-बाजारातून आरोग्य विमा काढून देते. रीतसर परीक्षा दिलीय, सर्टिफिकेट आहे. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "व्हर्ना, लोकांच्या घरात नाक खुपसायचं सरकारी लायसन्स मिळालं तुला." मिळालंच की! फुकट नाही मिळालं, अभ्यास केलाय.

काम तसं सोपं. कॉम्प्युटरवर घरातली माणसं लिहायची, वयं लिहायची आणि येत्या वर्षात किती कमवाल ते लिहायचं. त्या आकड्यावरून सरकार ठरवतं की हप्त्यातला किती भाग ते भरणार आणि किती तुम्ही. शिक्षक, न्हावी, गवंडी, सगळे पाच मिनिटांत आकडा सांगून मोकळे होतात. कोळी सांगत नाहीत.

आणि त्यांच्यातही गॅलन अ‍ॅली म्हणजे कळस. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. हा माणूस चाळीस वर्षं शेवंड पकडतोय आणि बोट गळ्यापर्यंत भरून आली तरी धक्क्यावर एकच शब्द बोलतो, "चाललंय." रिकामी आली तरी तेच. पुढच्या मोसमाबद्दल तर तोंडाला कुलूप. त्याच्या वडिलांनी एकदा जेवताना म्हटलं होतं, यंदा एवढे पकडले, पुढच्या वर्षी दुप्पट, नवं इंजिन घेणार. त्या हिवाळ्यात वादळानं धक्का नेला, बोट नेली, सापळे नेले. तेव्हा गॅलन नऊ वर्षांचा होता. समुद्राच्या कानावर आकडा घालायचा नाही, हे त्याच्या हाडात बसलंय. इथल्या बहुतेकांच्या हाडात आहे, पण बाकीचे निदान वाकतात.

आता एव्हिसचं सांगते. एव्हिस म्हणजे गॅलनची बायको. बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती आणि तिच्या नोकरीतून दोघांचा विमा चालायचा. जूनमध्ये शाळा बंद झाली, पोरं बसनं पलीकडच्या गावात जायला लागली. शाळेनं विमा डिसेंबर अखेरपर्यंत चालू ठेवला, पुढे नाही. आणि नेमकं ऑक्टोबरात कळलं की एव्हिसच्या हृदयाची एक झडप खराब झालीय, छाती उघडून बदलावी लागेल. बँगोर शहरातल्या डॉक्टरांनी चौदा जानेवारी दिली. थांबायला किती वाव आहे असं तिनं विचारलं, तर ते म्हणाले, फारसा नाही.

म्हणजे एक जानेवारीला नवा विमा हातात हवाच. त्यासाठी पंधरा डिसेंबरच्या आत अर्ज पुरा हवा. इतकं सरळ गणित.

नोव्हेंबरात दोघं आली. नावं झाली, जन्मतारखा झाल्या, गॅलन मस्करीसुद्धा करत होता. मग मी विचारलं, "पुढच्या वर्षी खर्च वजा जाता किती सुटतील?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला कपडे काढायला सांगितले.

"मागच्या वर्षीचा घाल," तो म्हणाला.

"मागच्या वर्षी तू जुनी बोट विकलीस. तो आकडा घातला तर सरकार म्हणेल, अरे वा, श्रीमंत माणूस, याला कशाला मदत? मग दोघांचे महिन्याला चोवीसशे डॉलर भरशील?"

"मग तूच घाल काहीतरी."

"मला नाही घालता येत. शपथेवर सही तुझी असते. अंदाज तुझाच हवा."

"अंदाज!" तो म्हणाला, टोपी उचलली आणि गेला. एव्हिसनं माझा हात दाबला. "घरी बसून भरतो म्हणालाय गं. मी लावते मागे."

मी विश्वास ठेवला. माझीच चूक.

पंधरा डिसेंबरला दुपारी तीन वाजता दोघं परत आली. एव्हिस जिना चढून आली तर ओठ निळसर पडले होते, लहान पोरांच्या गालिच्यावरच बसली बिचारी. गॅलनच्या हातात पत्र होतं.

"हे बघ काय पाठवलंय," तो म्हणाला. "म्हणे आम्ही गरिबांच्या फुकट योजनेत बसतो. आमची फाईल म्हणे दुसऱ्या ऑफिसात गेलीय, कागदपत्रं पाठवा, उत्तराला दीड महिना लागेल. मी काय भीक मागितली होती का?"

मी अर्ज उघडला. पुढच्या वर्षाची कमाई या रकान्यात त्यानं शून्य टाकलं होतं.

"गॅलन! शून्य?"

"शून्यानं कुणाचं वाईट होत नाही," तो म्हणाला. "शून्याला समुद्र काय करणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे गाढवा, दीड महिना म्हणजे फेब्रुवारी! चौदा तारखेला डॉक्टरांना काय सांगायचं? समुद्र रागावला असता म्हणून आमच्याकडे विमा नाही?" लायब्ररीवाली बाई डोकावून गेली. डोकावू दे.

गॅलननं पत्राची घडी घातली. त्या बुटक्या खुर्चीत बसला, एवढा धिप्पाड माणूस, हात मांड्यांमध्ये धरून.

चूक दुरुस्त करायची सोय असते, तेवढं बरं. शून्य खोडायचं, खरा अंदाज घालायचा, अर्ज परत विमा-बाजारात येतो. लायब्ररी पाचला बंद होणार होती. मी शून्य खोडलं. रकाना रिकामा झाला आणि त्यातली कर्सरची काडी लुकलुकत राहिली.

"बोल," मी म्हटलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"कागदावर लिही. बोलू नकोस."

"लिहिलं काय, बोललं काय," तो म्हणाला. "जास्त सांगितला तर माज केल्यासारखं. कमी सांगितला तर आपणच आपल्या तोंडानं वाईट मागितल्यासारखं. आणि यंदाच्या वर्षी मला कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, व्हर्ना. यंदा नको."

साडेतीन झाले, चार वाजले. मी रागावले, एव्हिसनं समजावलं, मी डोनट खायला दिला, त्यानं तोही खाल्ला नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आमच्या कोळ्यांना स्वतःचा आकडा सांगवत नाही, पण दुसऱ्याचा? दुसऱ्याचा विचारा, मग बघा! कोणाच्या सापळ्यात काय आलं, कोणी आमिषावर किती उधळले, कोणाचं इंजिन किती तेल पितं, सगळं पाठ. सोसायटीत माझ्या काट्यापाशी उभं राहून दिवसभर दुसरं काय करतात ते?

आणि गॅलनवर सगळ्यात बारीक नजर कोणाची असेल तर ती स्टिलमन बीलची.

स्टिलमन पोरसवदा असताना गॅलनच्या बोटीवर हाताखाली होता. लग्न केलं नाही, सहा वर्षं एव्हिसच्या टेबलावर जेवला. पुढे स्वतःची बोट घेतली. मग नऊ वर्षांपूर्वी बंदराबाहेरच्या खडकाच्या दक्षिणेला सापळे कोणी लावायचे यावरून वाजलं, कोणाच्या तरी दोऱ्या कापल्या गेल्या, दोघंही म्हणतात समोरच्यानं कापल्या. त्या दिवसापासून अबोला. धक्क्यावर एकमेकांच्या अंगावरून जातात पण मान वळत नाही. एव्हिस मात्र दर नाताळला माझ्या हाती त्याला ब्लूबेरी पाय पाठवते आणि गॅलन ते न पाहिल्यासारखं करतो.

"स्टिलमनला फोन लावू?" मी विचारलं.

"मुळीच नाही!" गॅलन म्हणाला.

"लाव," एव्हिस खालून म्हणाली. "अर्जात माझंही नाव आहे ना? मग लाव."

टाईप करायला दोन्ही हात लागतात म्हणून मी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. समोर कोण बसलंय ते स्टिलमनला सांगितलं नाही. हे नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे.

"काय गं व्हर्ना, काटा बिघडला?" स्टिलमन म्हणाला. मागे त्याचा रेडिओ वाजत होता.

"काटा ठीक आहे. मला सांग, गॅलन अ‍ॅली पुढच्या वर्षी किती कमवेल? खर्च जाऊन."

रेडिओ बंद झाला. "मला कशाला विचारतेस?"

"तो सांगत नाही. एव्हिसच्या विम्यासाठी हवाय. आजच्या आज."

मला वाटलं, फोन ठेवणार. पण तो खुर्ची ओढून बसला, आवाज आला. "हं. लिहून घे. परवाना आठशे सापळ्यांचा आहे, पण साडेसहाशेच्या वर टाकत नाही, पाठ दुखते त्याची. सांगत नाही कुणाला. आमिष महागातलं घेतो, हेरिंग मासळीचं, मूर्ख आहे. हाताखालच्या पोराला मात्र पाचवा हिस्सा देतो, तेवढा माणूस बरा आहे. तेल..." आणि असं करत करत तो इतकं बारीक बोलत गेला की गॅलनचे कान लाल झाले, पण एकाही गोष्टीला त्यानं मान हलवून नाही म्हटलं नाही. "म्हणजे वर्ष धड गेलं तर साठ हजारांच्या जवळपास. पण तू साठ लिहू नकोस."

"का?"

"अगं, तो मेपर्यंत पाण्यावर जायचाच नाही."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? एव्हिसची छाती उघडणार आहेत. तिला घरात एकटी टाकून तो सापळे ओढायला जाईल होय? मार्चमध्ये जातो म्हणेल, एप्रिलमध्ये जातो म्हणेल, आणि दाराशी येऊन परत फिरेल. ओळखतो मी त्याला. अठ्ठेचाळीस हजार लिही."

मी पाहिलं. एव्हिस गॅलनकडे बघत होती.

"तू तर मला म्हणालास, मार्चपासून जाणार," ती म्हणाली. "मी माझ्या बहिणीला विचारून ठेवलं होतं, दुपारची येशील का म्हणून. मला एकटीला भीती वाटते हे तुला सांगितलं नव्हतं मी."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इथे कोण बसलंय ते स्टिलमनच्या लक्षात आलं असणार.

गॅलन तिच्याकडे वळला. "पुढच्या वर्षाचा आकडा सांगायचा म्हणजे पुढचं वर्ष कसं जाईल ते ठरवायचं," तो म्हणाला. "मी रोज ठरवायला बसतो आणि मला दोन वर्षं दिसतात. एकात तू आहेस. दुसऱ्याचा आकडा मला काढायचाच नाहीये, एव्हिस. मला ते वर्ष नकोच आहे."

एव्हिस गालिच्यावरून सरकत त्याच्यापाशी गेली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी खिडकीबाहेर बघितलं. माझे डोळे भरले होते, उगाच खोटं कशाला बोलू.

"अठ्ठेचाळीस," गॅलन म्हणाला. "तो म्हणतो ते बरोबर आहे. घाल."

मी घातला. आकडा पुन्हा तपासला, सिल्व्हर नावाची योजना निवडली, बँगोरचं हॉस्पिटल तीत आहे ना ते तीनदा पाहिलं. गॅलननं सही केली. पाचला अकरा मिनिटं कमी असताना पडद्यावर आलं, मदत मंजूर, तुमचा हप्ता महिना तीनशे अकरा डॉलर, विमा एक जानेवारीपासून. मी मोठ्यानं वाचलं. एव्हिस म्हणाली, "बाई गं," आणि माझ्या ताटलीतला डोनट उचलून खाल्ला. डॉक्टरांनी तिला मना केलंय ते.

फोन अजून चालूच होता. गॅलन त्याच्याकडे वाकला.

"मूर्ख कोण रे?" तो म्हणाला.

"हेरिंगला एवढे पैसे मोजणारा," पलीकडून आलं.

नऊ वर्षांनंतरचं त्यांचं बोलणं हे एवढंच. मग मीच फोन ठेवला.

चौदा जानेवारीला पहाटेपासून बर्फ पडत होतं. गॅलनची गाडी त्या रस्त्यावर टिकणार नाही म्हणून स्टिलमन आपला बर्फ हटवायचा नांगर लावलेला ट्रक घेऊन दारात आला. कोणी बोलावलं होतं ते मी विचारलं नाही. मी मागच्या सीटवर सँडविचचा डबा धरून बसले, एव्हिस त्या दोघांच्या मध्ये. बँगोरला तिला आत नेलं तेव्हा तिनं विम्याचं कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, सांभाळ, या दोघांवर भरवसा नाही.

साडेपाच तास लागले. बाहेरच्या खोलीत ते दोघं मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसले आणि जेमतेम दहा शब्द बोलले असतील. माझी सँडविचेस कोणी खाल्ली नाहीत. शेवटी दार उघडलं आणि हिरव्या टोपीतली डॉक्टर बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की सगळं नीट झालंय. तिनं हातातला कागद पाहिला आणि विचारलं, "एव्हिस अ‍ॅली. घरचं कोण आहे?"

दोघंही उठून उभे राहिले.