विरुद्ध फ्रान्स 'ब'

महायुद्धानंतर जर्मनीपासून वेगळ्या ठेवलेल्या आमच्या चिमुकल्या सारलँडचा राष्ट्रीय फुटबॉल संघ जेमतेम सहा वर्षं जगला. मग सारलँड जर्मनीत सामील झाला आणि संघ मोडला. त्याचा एकूण एक सामना मी वहीत उतरवला, कारण फुटबॉल संघटनेच्या कचेरीत मी टंकलेखक होतो. बाकीचे 'विरुद्ध फ्रान्स' लिहून मोकळे होत. मी 'विरुद्ध फ्रान्स ब' लिहायचो. मोठे देश आमच्याशी खेळायला बहुतेक वेळा दुसरी फळीच पाठवत, आणि मला खोटं खपत नसे. लोक वैतागायचे, "निकेल, एका अक्षराने तुझं काय जातं रे?"

माझा थोरला भाऊ आलोइस एकच सामना खेळला, तो या फ्रान्स 'ब'शीच. दोन-एकने हरले. एरवी तो कोळशाच्या खाणीत उतरायचा, पण आमच्या प्युट्लिंगन गावात त्याला सगळे 'आपला राष्ट्रीय खेळाडू' म्हणत. खाटीकसुद्धा त्याच्यासाठी सॉसेजची चकती जरा जाडच कापी.

मोडलेल्या राष्ट्रीय संघांचं एक पुस्तक इतक्या वर्षांनी यंदा छापून आलं. त्यासाठी माझीच वही मागून नेली होती. 'ब' संघांशी झालेले सामने त्यांनी धरलेच नाहीत. आलोइसचं नाव गेलं, आणि ते माझ्या हाताने गेलं.

तोवर खाणीच्या धुळीने त्याची छाती भरली होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. नाव गळल्याचं माझ्याकडून ऐकून त्याची बायको केट मला दारातच म्हणाली, "भावजी, काहीही करा, पण त्यात नाव असू दे. एवढं एकच उरलंय त्याच्याकडे."

"आणलंस?" आलोइसने उशीला टेकत विचारलं. "वाच. मी आहे ना?"

"नसायला काय झालं?"

छापलेली नावं वाचता वाचता मी त्याचं नाव मध्येच घुसवलं. स्वतःची लाज वाटत होती, तरी मोठ्याने वाचलं, "लाडवाइन, आलोइस. एक सामना. विरुद्ध फ्रान्स."

तो डोळे मिटून ऐकत होता. मग हसला, हसता हसता खोकला.

"छापलेलं नाहीये ना?"

"अरे, आहे की! हे काय इथे."

"निकेल, जन्मात तू कधी 'ब' सोडला नाहीस."

मला रडू आवरेना. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. आलोइसने माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"गप. केटला सांगू नकोस," तो म्हणाला. "तिला वाटू दे, मला कळलं नाही."