अकरा नंबरची घोरपड

मावशींचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सुई बोथट निघाली की राग, गिऱ्हाईकाने पोट आत ओढून माप दिलं की राग. तो जसा यायचा तसा चहाच्या कपाबरोबर उतरायचाही. त्या गुरुवारी आलेला मात्र उतरला नाही.

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. नवरा कापायचा, मावशी शिवायच्या. कॉलेजच्या संघांच्या जर्सींवर नावं नि नंबर मावशींच्याच मशीनवर चढायचे. चार वर्षांपूर्वी असाच एक गठ्ठा पोचवायला त्या व्यायामशाळेत गेल्या. मुलींचा बास्केटबॉलचा सामना चालला होता. पाच मिनिटं टेकावं म्हणून बसल्या, त्या शेवटची शिट्टी वाजेपर्यंत उठल्याच नाहीत. तेव्हापासून इथला एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता.

त्या जायच्या अकरा नंबरसाठी. ही पोरगी बास्केट फारसे करत नसे. समोरच्या संघात जी सगळ्यात तेज असेल, तिला ती चिकटायची, आणि एकदा चिकटली की सुटायचं नाव नाही. मावशींनी तिला पहिल्याच वर्षी घोरपड म्हटलं. पोरीला ते इतकं आवडलं की सगळा संघ तिला घोरपडच म्हणू लागला. टाळ्या मात्र बास्केट करणारीला मिळायच्या. त्याचाही मावशींना राग होताच.

तर त्या गुरुवारी क्रीडा विभागाचे साहेब दुकानात आले. शनिवारी वर्षातला शेवटचा सामना होता. त्याआधी पदवी घेऊन निघालेल्या मुलींना मैदानाच्या मधोमध बोलावून त्यांची जर्सी चौकटीत घालून द्यायची होती. शिवाय प्रेक्षकांच्या वतीने मावशींनी दोन शब्द बोलावेत, अशी त्यांची विनंती होती. मावशी हरखल्या. मग त्यांनी साहेबांनी नावं चढवायला आणलेली जर्सींची पिशवी उघडली. आत चारच जर्सी होत्या.

"अकरा नंबर कुठाय?"

साहेबांनी मान दुसरीकडे वळवली. अकरा नंबरला महिन्यापूर्वीच संघातून काढलंय, शिस्तीचा प्रश्न होता, एवढंच ते म्हणाले आणि घाईघाईने निघून गेले.

गेले दोन सामने घोरपड दिसली नव्हती. आजारी असेल, अशी मावशींनी समजूत करून घेतली होती. त्यांनी मशीनवर कापड टाकलं आणि तडक व्यायामशाळा गाठली. प्रशिक्षक सर चेंडू मोजून जाळीत भरत होते. त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. बाहेरगावच्या सामन्यात सात नंबरची मुलगी डोक्यावर पडली होती. थोडी गरगरली, पण चालत बाकावर आली. शेवटच्या पाच मिनिटांत सरांनी तिला पुन्हा उतरायला सांगितलं, तर घोरपड मध्ये उभी राहिली. त्या पोरीला आपण आत्ता कुठल्या गावात आहोत हेही सांगता येत नाही, ती खेळणार नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाली आणि तिचा हात धरून बाकावर बसली ती बसलीच. स्वतःही उतरली नाही. सामना तीन गुणांनी गेला.

"उद्या प्रत्येक जण मला शिकवायला लागेल," सर म्हणाले. "संघ असा चालत नाही, मावशी."

एरवी मावशींची जीभ कात्रीसारखी चालायची. त्या दिवशी मात्र त्या पाय आपटत माघारी आल्या. चारही जर्सींवर नावं चढवली, कारण त्या चौघींचा काही दोष नव्हता. टाके इतके घट्ट घातले की दोनदा सुई मोडली. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगून पाहिलं, की कॉलेजचं काम आपल्याकडे आहे, तू शनिवारी तब्येतीचं कारण सांग. मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा कापडाकडे वळला.

शनिवारी व्यायामशाळा भरली होती. घोरपड सगळ्यात वरच्या रांगेत साध्या कपड्यांत बसली होती, मैत्रिणींचा निरोप बघायला आली होती. तिच्या शेजारी सात नंबर होती, अजून डोळ्यांना उजेड सहन होत नाही म्हणून काळा चष्मा लावून. खाली चौघी आईवडिलांसह मधोमध उभ्या राहिल्या, चौकटी मिळाल्या, फोटो झाले. मग साहेबांनी मावशींच्या हाती माइक दिला.

"या चौघी छान खेळल्या," मावशी म्हणाल्या. "त्यांचं कौतुक तुम्ही चार वर्षं करताय, करायलाच हवं. मी पाचवीबद्दल बोलणार आहे."

साहेब जागच्या जागी चुळबुळले.

"दोन वर्षांपूर्वी इथे एक संघ आला होता. त्यांची ती उंच मुलगी, दर सामन्यात तीस गुण करणारी. आपल्या अकरा नंबरने तिला नऊवर थोपवलं. घोटा सुजला होता, ओठ फुटला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कुणाचा आला? बास्केट करणारीचा. ही दुकानात आली, तर मी पेपरवाल्यांना शिव्या देत होते आणि ही हसत होती. म्हणाली, मावशी, तिला चेंडूच मिळाला नाही, मजा आली. असा खेळ बघायला मी येते. आणि महिन्यापूर्वी हिने एका पोरीला—"

माइक बंद पडला. कुणी बंद केला ते मावशींना दिसलं. तीस वर्षं मशीनच्या खडखडाटावरून नवऱ्याशी बोलून कमावलेला आवाज होता तो, त्याला माइकची गरज नव्हती.

"एका पोरीला डोक्याला मार लागलेला असताना उतरू दिलं नाही. म्हणून हिला काढलं. हा तुमचा निरोप!"

काहींनी टाळ्या वाजवल्या. पुष्कळ जण एकमेकांची तोंडं बघत राहिले. वर सात नंबर उठून उभी राहिली, तेव्हा चौघींपैकी दोघींनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सरांनी शिट्टी वाजवली नि सामना सुरू करायला लावला.

मावशी थांबल्या नाहीत. त्या फाटकापाशी पोचल्या, तोवर घोरपडीने त्यांना गाठलंच.

"मला न विचारता का बोललात?" तिने त्यांची वाट अडवली. "मी ताठ मानेने बाहेर पडले होते, मावशी. आता सगळे माझ्याकडे बिचारी म्हणून बघतायत. आणि सात नंबरच्या घरी काही माहीतच नव्हतं, ती आईला पायऱ्यांवरून पडले म्हणाली होती."

हे मावशींना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. विचारायला हवं होतं, चुकलं माझं, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे शब्द नवऱ्यानेही कधी ऐकले नव्हते.

"पण राग खोटा नव्हता गं."

"माहितीय," घोरपड म्हणाली. "मलाही येतो. रोज येतो." आणि ती फाटकाच्या गजावर कपाळ टेकून रडली. मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

कॉलेजचं काम गेलं. नवरा शाळांच्या गणवेशांचं काम मिळवण्यासाठी स्वतः चार ठिकाणी हिंडून आला. सात नंबरच्या आईला सगळं कळलं. आधी ती लेकीवर संतापली, मग थेट प्राचार्यांच्या दारात जाऊन बसली, आणि तीन दिवस उठली नाही.

सर आपल्या जागेवर कायम राहिले. पण नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा व्यायामशाळेबाहेर एक सूचना लागली: डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय खेळवू नये. मावशींनी ती दोनदा वाचली. कुणामुळे ही सूचना आली, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यांनी तिथूनच घोरपडीला फोन लावला. ती आता दुसऱ्या शहरात नोकरीला होती.

घोरपड आनंदली. नियम झाला ना, मग नाव कशाला हवंय, म्हणाली. एवढं पुरे नाही का?

"नाही," मावशी म्हणाल्या. "मला पुरे नाही."