शाखा काढा

फवारणीचे संदेश गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, जायला चार दिवस उरले होते आणि जयानं त्या बोलीत केलेली दोनशे वाक्यं गायब होती. घाटंजीतल्या माझ्या खोलीत मी नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. औषध फवारताना तोंडाला काय बांधायचं, वारा कुठल्या बाजूचा हवा, हे सांगणारं आमचं ॲप. बिनपगारी काम, जो येईल तो हातभार लावतो. येणाऱ्यांसाठी मराठीत मार्गदर्शिका मीच लिहिली होती आणि तिचा मला भलताच अभिमान होता.

जया केळापूरकडच्या तांड्यावर शिकवण्या घेते. तिला फोन लावला.

"जया, तुझी शाखा कुठे आहे?"

शाखा म्हणजे ॲपची आपल्यापुरती वेगळी नक्कल. तिच्यात कितीही खोडाखोड करा, मूळ ॲपला धक्का लागत नाही.

"काढली ना दादा. तुमीच लिवलं हाये."

"काढली तर दिसत काहून नाही?"

"काढल्यावर कशी दिसन?"

माझं डोकं सणकलं. तणतणत मार्गदर्शिका उघडली. पायरी तिसरी : 'काम पाठवण्याआधी आपली शाखा काढा.' माझ्या मनात बँकेत खातं काढतात तसं काढणं होतं. तिनं पायातला काटा काढतात तशी काढून टाकली होती.

"याडीले इचारू इचारू लिवलं होतं मी," जया रडवेली झाली. याडी म्हणजे तिची आई. "माह्यानं बिघडलं का?"

"नाही गं. माझ्यानं."

काढलेली शाखा जुन्या नोंदींतून परत आणता येते. अर्ध्या तासात जयाची आणली. पण त्याच नोंदींत आणखी दोन काढलेल्या शाखा होत्या : मार्चमधली रजतची, मेमधली निकिताची. दोघंही चकार शब्द न बोलता निघून गेले होते, आणि आजकालच्या पोरांना चिकाटीच नाही, असं मी गावभर सांगत सुटलो होतो. लाजेनं मला एका जागी बसवेना.

'काढा' खोडून 'नवी तयार करा' लिहिलं आणि लगेच रजतला फोन केला.

"रजत, काम काहून सोडलं रे?"



"सोडलं नाही जी. शाखा काढली अन् सगळं गेलं, मले वाटलं, सगळ्याइचं ॲप माह्या हातानं बुडालं. पाच महिने झाले, बाजाराच्या दिवशीबी तुमच्या गल्लीतून जात नाही मी."