दाजी गप्प झाले तर

मी क्रेन चालवतो. वरच्या केबिनमधून खालचं काही दिसत नाही. ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, खालून वॉकीटॉकीवर सांगतात तसं करायचं. "खाली, खाली, खाली" ऐकू येतंय तोवर माल उतरवायचा, आवाज थांबला की थांबायचं. असल्या कामावर अडखळत बोलणारा माणूस कुणी घेतला, हे मला विचारू नका. शिफारस माझीच होती.

दाजी 'ख'वर अडकले की माल अधांतरी. शेवटी ते अडले तरी मी आपला अंदाजाने उतरवत राहायचो. सगळे खूश. पण साहेबांचे कान शाबूत होते. "उद्या काच उतरवायची आहे," त्यांनी दाजींना बजावलं. "एकदा जरी अडलात, तर परवापासून पोती उचला."

दाजींनी त्याआधीच कानात बसवायचं यंत्र आणलं होतं. त्यात आपलंच बोलणं जरा उशिरा कानात परत येतं. कुणीतरी सोबतीने बोलतंय असं वाटतं आणि जीभ सुटते. सरावाला ते ताईला वर्तमानपत्र वाचून दाखवत. ताई म्हणाली, पूर्वी निदान छोट्या जाहिराती तरी वगळायचे.

काचेच्या दिवशी सकाळी दाजी मला म्हणाले, "आजपासून मी गप्प झालो, तर गप्प झालोय असंच समज." संथ, पण सरळ.

काच निघाली. "खाली, खाली, खाली..." आणि आवाज थांबला.

माझा हात सवयीने पुढे सरकला होता. सकाळचं बोलणं आठवलं आणि मी काच थांबवली.

साहेब त्यांच्या सेटवर कडाडले, "अडलाय तो. घे खाली."

मी घेतली नाही. दाजी खरंच अडले असतील, तर त्यांच्या पोटावर मीच पाय देत होतो.

"फिटरचा हात होता काचेखाली," दाजींचा आवाज आला. "त्याच्यावर ओरडत होतो. काढला त्याने. आता खाली, खाली, खाली."

काच टेकली. साहेब हवेबद्दल काहीतरी बोलले. पोत्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी ताईने चहा देत विचारलं, "कसं झालं?" दाजींनी यंत्र काढून ठेवलं होतं.

"क-क-क..."

लग्नापासून आम्ही बहीणभाऊच त्यांची वाक्यं पुरी करत आलोय. मी 'कमाल केली' म्हणायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं. ताईने माझ्याकडे बघितलं आणि तीही गप्प बसली. चहा गार झाला.

"क-काच," दाजी म्हणाले, "पुसायची राहिली."