जगनने मला पॅक केलं

मित्रांनो, मी एक जुनी रेसिंगची सायकल आहे. जुनी म्हणजे फार नाही, सहा वर्षांची. एका हिवाळ्यात मी म्हातारी झाले आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लाल होते, चमकत होते. वर्तकनगरच्या एका गृहस्थांनी मला वजन कमी करायला घेतलं. तीन महिन्यांत त्यांची हौस फिटली, वजन मात्र होतं तेवढंच राहिलं. मग मानपाड्याच्या जगनने मला आपल्या मुलीसाठी, संचितासाठी आणलं.

ती मला रोज पहाटे शहाडच्या पुलापर्यंत पळवायची आणि घरी आल्यावर आधी मला पुसायची, मग स्वतःचा घाम. तिला जिल्ह्याच्या संघात जायचं होतं. निवड फेब्रुवारीत होती, अठरा वर्षांच्या आतल्यांसाठी. तिची ती शेवटची संधी होती.

नोव्हेंबरमध्ये ती सरावासाठी तीन महिने पुण्याला गेली. तिथे सायकली तिथल्याच मिळणार होत्या, निवडीला मात्र स्वतःची लागणार होती. ती गेली आणि सोसायटीचे सेक्रेटरी रतन जगनला म्हणाले, "जिन्यात सायकल नको. नोटीस लावलीय ना?"

म्हणून मी बाहेर, कुंपणाच्या भिंतीशी आले. जगन वीस वर्षं एका कंपनीत पॅकिंग खात्यात आहे. त्याने मला बादलीभर पाण्याने धुतलं आणि ओली असतानाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं. वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर नायलॉनची दोरी आणि सगळ्या कडांना चिकटपट्टी. येणारे-जाणारे थांबून बघत होते.

"काय पॅक केलीय, जगन," रतन म्हणाले.

"हवा पण शिरणार नाही," जगन म्हणाला.

खरंच शिरली नाही. आतलं पाणीही बाहेर गेलं नाही. दुपारी मी उकडत होते, रात्री थंडीत आतूनच भिजत होते. साखळीवर गंज चढला, ब्रेकची तार जाम झाली. संचिता रोज फोनवर विचारायची, "पप्पा, सायकल कशी आहे?" हा घरात बसून सांगायचा, "एकदम मस्त. टेन्शन नको घेऊ."

निवडीच्या आदल्या संध्याकाळी ती आली आणि तिने दोरी कापली. तिने माझ्या साखळीवर बोट फिरवलं. बोट तांबडं झालं.

"पप्पा, एकदा तरी सोडून बघायचं."

"सोडलं असतं तर हवा लागली असती ना गं."

दुकानं बंद होत होती. दोघांनी तेल घालघालून मला कशीबशी फिरती केली. सकाळी दुसऱ्या फेरीत संचिता सगळ्यांच्या पुढे होती, आणि चढावर माझी साखळी तुटली. ती खाली उतरली आणि मला ढकलत शेवटपर्यंत चालली. तिच्या पायांत दम होता, कमी पडले ते मी. जगन आता सगळ्यांना सांगतो, "जुना माल होता." मला त्याचा संताप येतो.

मित्रांनो, सायकल धुतलीत तर कोरडी होईपर्यंत थांबा. झाका, पण खालून वारा जाऊ द्या. आठवड्यातून एकदा उघडून बघा, आणि ती कशी आहे असं कुणी विचारलं तर आधी खाली उतरा, मग उत्तर द्या. मला नवी साखळी बसेल. पण संचिताला मार्चमध्ये अठरा पूर्ण झाली आणि त्या निवडीत तिला आता कुणी उभं करणार नाही.