आईकडून आलेलं

दत्तूला सैन्यात जायचं होतं. हरसूलच्या वरच्या पाड्यावरचा हा पोरगा नाशकात थोरल्या बहिणीच्या, पल्लवीच्या खोलीवर राहायचा आणि उजाडायच्या आत देवळाली कॅम्पाकडे धावायला निघायचा. पण वर्षभर धावूनही त्याचा दम वाढेना. पाय भरून यायचे, डोकं ठणकायचं.

"ताई, मी आळशी नाय गं," तो एकदा म्हणाला, "पायच ऐकत नायत."

पल्लवीने त्याला अंडी चालू केली, दूध वाढवलं. मग एका सकाळी तो मैदानाच्या कडेला फिट येऊन पडला. शुद्धीवर आला तेव्हा त्याला डाव्या बाजूचं काही दिसत नव्हतं.

पल्लवी ज्युनिअर कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवायची. म्हणूनच असेल, रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये एक अक्षर बदललंय, मॅडम. ल्युसीन वाहून आणणाऱ्या टी-आरएनएचं."

तो रेणू ती दर वर्षी फळ्यावर काढायची. कागदावर तीन दलांच्या पानासारखा, प्रत्यक्षात इंग्रजी एलसारखा वाकलेला. एका टोकाला संदेश ओळखणारी तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला एकच अमिनो आम्ल. ओळख पटली की आम्ल साखळीत जोडलं जातं आणि प्रथिन एका कडीने वाढतं. परीक्षेत यावर प्रश्न येतोच, असंही ती मुलांना बजावायची. तो कुणाच्या अंगात बिघडू शकतो, हे पुस्तकात एका ओळीतही नव्हतं.

"बरा होईल ना तो?"

"त्रास थोडा कमी करता येईल." डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. "आईला साखर आहे? कमी ऐकू येतं?"

दोन्ही होतं. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, हे पल्लवीला कुणी सांगायला नको होतं.

दत्तूच्या आधी घरातली थोरली, सुकी, अशीच फिट येऊन गेली होती. तेव्हापासून आईने, भागीबाईने, नवऱ्याच्या म्हणजे सावळीरामच्या घराण्यावर बोट ठेवलं. त्याचा भाऊ पुंजाराम याला फेफरं यायचं, तो नदीत बुडून मेला होता. "तुमच्या रक्तानं माझी पोर खाल्ली," असं ती प्रत्येक भांडणात म्हणायची. नणंद रंगूबाई दारात आली तरी तिला पाणी विचारायची नाही. सावळीराम गप उठून शेतावर जायचा.

तो दवाखान्यात आला तेव्हा पल्लवीने त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"बा, भाताच्या आवणीला गडी रोपांची मूठ आणून देतात, बाया लावत जातात. तसं अंगात प्रथिनं बनताना एकेक आम्ल आणून देणारे असतात. दत्तूच्या अंगात त्यातले एका जातीचे बिघडलेत. मूठच धड पोचत नाय, म्हणून अंगाला ताकद बनवता येत नाय. आणि हे बापाकडून येत नाय. आईकडूनच येतं."

सावळीराम बराच वेळ चपलेने फरशी घासत राहिला. "तिला बोलू नको."

"अरे, पण इतकी वर्षं ती तुला..."

"मला सवय हाय. तिला नाय झेपायचं."

पाऊस सरता सरता दत्तू गेला.

दिवसांच्या कार्याला अंगण माणसांनी भरलं होतं. रंगूबाई पदराने डोळे पुसत ओट्याशी बसली होती. तिच्याकडे बघताच भागीबाईचा बांध फुटला. "आता काय बघाया आलीस? एक नेली, दुसरा नेला! तुमच्या घराण्यानं..." सावळीरामने मान खाली घातली. रंगूबाई उठून निघाली.

पल्लवी आईजवळ गेली, कानाशी वाकली. "आई, बाचा दोष नाय यात."

"काय? मोठ्यानं बोल."

"बाचा दोष नाय!"

"मंग कोणाचा?"

हळू सांगायची सोयच नव्हती. "तुझ्याकडून आलंय, आई! सुकीला, दत्तूला, तुझ्याकडून आलंय!"

अंगणातल्या साऱ्या माना वळल्या. आपण काय केलं हे पल्लवीला तेव्हा कळलं. "दोष कुणाचाच नाय," ती पुटपुटली, पण तेवढं भागीबाईला ऐकू गेलं नाही. ती लेकीकडे बघत होती.

"तुलाबी?"

पल्लवीने होकाराची मान हलवली. भागीबाई तिच्यासमोर खाली बसली आणि लेकीच्या पोटऱ्या चाचपू लागली. "दुखत्यात का? दम लागतो का गं?"

"नाय," पल्लवी म्हणाली. ते खोटं होतं.

त्यानंतर भागीबाई कुणाला काही बोलली नाही. भांडण संपलं, पण घर मुकं झालं. "बोलायचं नव्हतं, पोरी," सावळीराम एवढंच म्हणाला.

थंडीत एकदा त्याचा फोन आला. भागीबाई न सांगता घरातून निघाली होती, तो मागोमाग गेला. ती थेट रंगूबाईच्या गावाला पोचली.

"काय बोलली आई?"

"काय नाय. रंगूच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. रंगूनंबी काय इचारलं नाय, केसांतून हात फिरवत बसली." मग त्याने नाक ओढलं. "मीच बाहेर येऊन रडलो," तो म्हणाला.