ट्रेमधली अंगठी

माझ्या दादाला बॉक्सिंगच्या रिंगणात सगळे ‘घण’ म्हणायचे. त्याच्या उजव्या ठोशाने एकाचा जबडा निखळला, एकाचा डोळा कायमचा गेला, आणि लोक टाळ्या पिटत राहिले. मीही पिटल्या. मारला तेवढाच मार त्याने खाल्लाही, वर्षानुवर्षं, तोही डोक्यावर. पुढे खेळ सुटला, पण मारायची सवय काही सुटली नाही. आता समोर वहिनी होती.

त्याने तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं तेव्हा मी तिला माझ्या घरी आणलं. दादा दारात येऊन ढसाढसा रडायचा. “मला शुद्धच नसते गं तेव्हा. काय केलं ते नंतर कळतं.” मला त्याची कीव यायची आणि त्याचं थोबाड फोडावंसंही वाटायचं.

बॉक्सरांच्या मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पेट-स्कॅन आणि एमआरआय एकाच वेळी करणारं नवं मशीन आलं होतं. आधी शिरेतून औषध द्यायचं. मार खाऊन मेंदूत जे खराब प्रथिन साचतं त्याला ते जाऊन चिकटतं, आणि चित्रात ती जागा पेटलेली दिसते. पूर्वी हे माणूस मेल्यावर कवटी उघडूनच कळायचं, असं त्या म्हणाल्या. दादा तपासणीला तयार झाला.

“आजार निघाला तर मी परत नांदेन,” वहिनी म्हणाली. “आजारी माणसाला टाकणारी मी नाही. नाही निघाला तर तोंड बघणार नाही.”

मग मी आजारच मागत बसले. भावाला आजार निघू दे म्हणणारी बहीण! पण धडधाकट असून बायकोला तुडवणारा भाऊ मला त्याहून नको होता.

मशीनच्या खोलीबाहेर तंत्रज्ञाने ट्रे पुढे केला. “धातूचं सगळं काढून ठेवा. आत चुंबक आहे.”

दादाने आधी घड्याळ काढलं. मग उजव्या हातातली लग्नाची अंगठी सावकाश फिरवत काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. माझ्या शेजारी धप्पकन आवाज झाला. वहिनी भिंतीशी उकिडवी बसली होती, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडासमोर.

“चक्कर आली वाटतं,” तंत्रज्ञ म्हणाला.

“भित्रीच आहे ती,” दादा हसत आत गेला.

मी पाणी आणलं. तिने घेतलं नाही. ती ट्रेकडे बघत होती.

काचेपलीकडे मशीन दणादण ठोके घालू लागलं. दादा आत निपचित पडला होता. बुकल अजून, मी मनात म्हटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तो कपडे बदलून आला तेव्हा पडद्यावर त्याचा मेंदू होता, कपाळामागे भडक केशरी डाग. डॉक्टरीणबाई जपून बोलल्या. “एका चित्रावरून निदान करत नाहीत. पण इथे साचलेलं दिसतंय. राग आवरायला हाच भाग लागतो.”

दादाने टेबलावर मूठ आपटली. “ऐकलंस? मी मारत नव्हतो! हे मारत होतं!” तो रडत होता, मीही रडत होते. सुटलो एकदाचे! मी वहिनीचा हात धरला.

तिने तो सोडवून घेतला. “डॉक्टर, शुद्ध हरपलेला माणूस मारायच्या आधी अंगठी काढतो का?”

“म्हणजे?”

“हे काढतात. दर वेळी. आधी घड्याळ, मग अंगठी. नीट कपाटावर ठेवतात. अंगठीने गाल फाटतो, लोकांना दिसतं. मग दाराला कडी लावतात. मग मारतात.”

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. “डाग खरा आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे मला चित्रात दिसणार नाही.”

खोटं आहे म्हण, मी दादाकडे बघून मनात ओरडत होते. त्याच्या मानेची शीर उडत होती. त्याचा डावा हात उजव्या हाताकडे गेला, दोन बोटांनी अंगठीचं बोट धरलं आणि पिळलं. बोट रिकामं होतं. त्याने खाली बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

मग तो वहिनीवर धावला. मी मध्ये पडले. ठोसा माझ्या तोंडावर बसला, दात जिभेवर आले, रक्त घशात गेलं. मी उरलेले दात त्याच्या मनगटात रुतवले आणि त्याने माझे केस उपटले तरी सोडलं नाही. तंत्रज्ञ आणि दोन रखवालदारांनी त्याला फरशीवर पालथं पाडलं. एकाने मानेवर गुडघा दाबला.

“मी आजारी आहे!” तो किंचाळत होता. “सांगा ना हिला, मी आजारी आहे!”

वहिनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने आपल्या बोटातली अंगठी धरली आणि सावकाश फिरवत काढायला लागली. ते दिसताच दादाने डोळे घट्ट मिटले आणि मान खांद्यांत ओढून घेतली.

तिने अंगठी टेबलावर राहिलेल्या ट्रेमध्ये ठेवली, त्याच्या अंगठीशेजारी. मग माझ्या तोंडाला आपला पदर लावला आणि मला धरून बाहेर नेलं.